नीळकंठशास्त्री गोरे : आपल्याच आक्षेपांना उत्तरे शोधणारा पंडित

काशीतील एका विशीतल्या महाराष्ट्रीय शास्त्र्याने १८४४-४५ च्या सुमारास ख्रिस्ती मताचे खंडन करणारा एक श्लोकबद्ध संस्कृत ग्रंथ लिहिला. ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हे त्याचे नाव. त्यानंतर अवघ्या तीन-चार वर्षांत, १४ मार्च १८४८ रोजी, त्याच शास्त्र्याने जौनपूर येथे बाप्तिस्मा घेतला आणि उरलेले आयुष्य ख्रिस्ती धर्माचे समर्थन करण्यात वेचले. धर्मांतराच्या कथा एकोणिसाव्या शतकात कमी नाहीत. परंतु ज्या आक्षेपांनी आपण परधर्मावर शस्त्र उगारले, तेच आक्षेप पुढे जन्मभर आपल्या उशाशी घेऊन झोपणारा माणूस विरळाच. पं. नीळकंठशास्त्री गोरे, म्हणजेच ख्रिस्ती जगतातील रेव्हरंड नेहेम्या गोरे, हे त्या विरळा माणसांपैकी एक होत.

गोरे घराणे मूळचे कोकणातील चित्पावनांचे. मराठी सत्तेबरोबर उत्तरेत गेलेल्या अनेक कुटुंबांप्रमाणे तेही बुंदेलखंडात स्थिरावले आणि बांद्याच्या नबाबाच्या दरबाराशी त्यांचा संबंध आला. (बांद्याचे हे नबाब म्हणजे थोरले बाजीराव व मस्तानी यांचेच वंशज.) नीळकंठशास्त्र्यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८२५ रोजी झाशीजवळच्या काशीपुरा या खेड्यात झाला. पुढे कुटुंब काशीस आले. त्या काळी काशीच्या घाटांवर मराठी इतकी सहज कानी पडे की, दशग्रंथी ब्राह्मणाला पुणे सोडल्याचे दुःख फारसे जाणवू नये. या वातावरणात नीळकंठाचे व्याकरण, न्याय व वेदान्ताचे शिक्षण झाले. कुळाची उपासना शिवाची असली, तरी या तरुणाचे मन विष्णुभक्तीकडे ओढले गेले होते.

त्यांच्या लेखणीला प्रथम धार आली ती एका स्कॉटिश सनदी अधिकाऱ्यामुळे. जॉन म्यूर याने १८३९ मध्ये ‘मतपरीक्षा’ नावाचे पुस्तक संस्कृत श्लोकांत प्रसिद्ध केले. खऱ्या धर्माच्या कसोट्या कोणत्या, त्या ख्रिस्ती धर्माला कशा लागू पडतात आणि हिंदू शास्त्रांना कशा पडत नाहीत, हे त्याने गुरुशिष्य संवादाच्या रूपाने मांडले होते. मुंबईत डॉ. जॉन विल्सन आणि मोरभट्ट दांडेकर यांचा वाद १८३० च्या आगेमागे मराठीतून गाजला होताच. पण देववाणीतून आलेला हल्ला पंडितांना अधिक झोंबला. त्याला तिघांनी संस्कृतातच उत्तरे दिली. पहिले सोमनाथ या नावाने लिहिणाऱ्या पंडिताचे. हा सोमनाथ म्हणजे माळव्यातील सिहोरचे मराठी ज्योतिषी सुबाजी बापू होत, असे अभ्यासक मानतात. दुसरे बंगालच्या हरचंद्र तर्कपंचानन यांचे. तिसरे आणि सर्वांत सखोल उत्तर नीळकंठशास्त्री गोरे यांचे.

‘शास्त्रतत्त्वविनिर्णया’त गोऱ्यांनी जे आक्षेप घेतले, ते थोडे विस्ताराने पाहिले पाहिजेत, कारण त्यांच्या पुढील सर्व आयुष्याची किल्ली तेथेच आहे. पूर्वजन्म नाही असे ख्रिस्ती मत म्हणते. मग एखादे मूल जन्मतःच आंधळे का निपजते? मुक्या जनावरांनी कोणते पाप केले म्हणून ती यातना भोगतात? माणसाचे आयुष्य ते केवढे, त्यातील पापे ती किती. आणि शिक्षा मात्र अनंत काळच्या नरकाची, हा कोणत्या न्यायाधीशाचा न्याय? येशू ख्रिस्ताचा अवतार होण्यापूर्वी जे कोट्यवधी लोक जन्मले आणि मेले, त्यांच्या उद्धाराचे दार ईश्वराने बंद का ठेवले? आजही बीबी, लोणार किंवा मेहकर या आपल्या भागातील एखाद्या हरिनाम सप्ताहात हे प्रश्न उभे केले, तर कीर्तनकार संचित आणि प्रारब्धाच्या आधारे दोन अभंगांच्या अवकाशात त्यांचा उलगडा करील. कर्मसिद्धान्ताची ही सोय ज्या धर्मात नाही, तो या प्रश्नांपुढे निरुत्तर होतो, असा गोऱ्यांचा रोख होता.

याखेरीज त्यांनी आणखी एक मुद्दा मांडला होता, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. धर्माचा निर्णय केवळ तर्काने होत नाही. आधी शास्त्रावर श्रद्धा हवी, मग तर्काने तिची सेवा करावी. श्रद्धेचे बोट सोडून तर्क एकटा चालू लागला, तर तो नास्तिकतेच्या दरीत जाऊन पडेल, मग तो हिंदूंचा असो वा ख्रिस्त्यांचा. विशीच्या आसपास लिहिलेले हे मत ध्यानात ठेवावे.

चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम स्मिथ हे तेव्हा काशीत कार्य करीत होते. बाजारात उभे राहून उपदेश करणाऱ्या या साहेबाला वादात गप्प करावे, या हेतूने गोरे त्यांच्याकडे जाऊ लागले. खंडन करायचे तर प्रतिपक्षाचा ग्रंथ वाचला पाहिजे, ही पंडिती शिस्त. म्हणून त्यांनी बायबल वाचावयास घेतले. न्यायशास्त्रात मुरलेला हा वाचक डोंगरावरील प्रवचनापाशी अडखळला. तर्काने नव्हे, तर त्या प्रवचनातील नीतीच्या उंचीने त्यांच्या मनात पहिली चूळबूळ सुरू झाली. पुढची काही वर्षे कुतरओढीची गेली. घरच्यांनी विनवण्या केल्या, पंडितांनी समजूत घातली. अखेर काशीत नव्हे, तर तेथून दूर जौनपुरास जाऊन त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नाव मिळाले नेहेम्या. जेरुसलेमची पडलेली तटबंदी पुन्हा उभारणाऱ्या बायबलमधील पुरुषाचे हे नाव. गोऱ्यांच्या वाट्याला मात्र बांधकामापेक्षा मोडतोडच अधिक आली.

सर्वांत आधी घर मोडले. पत्नी लक्ष्मीबाईंना नातलगांनी त्यांच्यापासून दूर ठेवले होते. बऱ्याच खटपटीनंतर त्या पतीकडे आल्या, त्यांनीही नवा धर्म स्वीकारला. पण १८५३ मध्ये मुलीला जन्म दिल्यावर थोड्याच काळात त्यांचे निधन झाले. ही मुलगी म्हणजे एलेन लक्ष्मी गोरे. ती वाढली निळीच्या मळेवाल्या एका युरोपीय कुटुंबात आणि नंतर एका पाद्र्याच्या घरी, इंग्लंडात. १८८० मध्ये ती भारतात परतली. तिने इंग्रजीत रचलेले एक भक्तिगीत जगभरच्या चर्चमध्ये गायिले गेले. बापलेकींचा सहवास फार थोडा. ज्याने शास्त्रार्थाला आयुष्य दिले त्याच्या लेकीला गाणे सुचावे, याचे मात्र नवल वाटते.

पंजाबचे पदच्युत महाराज दुलीपसिंग १८५४ मध्ये इंग्लंडला निघाले, तेव्हा त्यांचे पंडित म्हणून गोरे त्यांच्यासोबत गेले. व्हिक्टोरिया राणीची भेट झाली, इस्लिंग्टन येथील मिशनरी महाविद्यालयात काही अध्ययन झाले. ऑक्सफर्डला मॅक्समुल्लर भेटले. मॅक्समुल्लर यांनी या भेटीची हकिकत पुढे लिहून ठेवली आहे. तीवरून दिसते की, ख्रिस्ती देश पाहून हा ख्रिस्ती पंडित हादरला होता. लंडनच्या रस्त्यांवर त्यांनी जे पाहिले, त्याचा बायबलमधल्या शिकवणीशी मेळ त्यांना लावता येईना. हाच जर ख्रिस्ती धर्म असेल, तर आपण परत जावे हे बरे, अशी त्यांची अवस्था झाली होती. ज्यासाठी घर, जात, गाव सोडले, तेच त्याच्या मायदेशी हरवलेले पाहणे ही साधी गोष्ट नव्हे. तरीही गोरे १८५५ मध्ये परतले ते ख्रिस्ती म्हणूनच. बहुधा याच अनुभवातून त्यांना वैराग्याची ओढ अधिक लागली असावी. साहेबी राहणीचा पाद्री त्यांना कधीच व्हावयाचे नव्हते.

यानंतरचे त्यांचे सर्वांत मोठे काम म्हणजे ‘षड्दर्शन दर्पण’. १८६० मध्ये कलकत्त्यास हा ग्रंथ हिंदीत छापला गेला. काशीच्या संस्कृत महाविद्यालयात अध्यापन केलेले अमेरिकन पंडित फिट्झएडवर्ड हॉल यांनी १८६२ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले आणि त्यामुळे तो युरोपातही वाचला गेला. परकीय मिशनरी हिंदू तत्त्वज्ञानावर लिहीत, तेव्हा पंडित त्यांच्या अज्ञानावर हसत. येथे हसण्याची सोय नव्हती. लिहिणारा शास्त्री होता; सूत्रे, भाष्ये, टीका यांचे संदर्भ त्याच्या जिभेवर होते.

त्यातील युक्तिवादाचे एक-दोन नमुने देण्याजोगे आहेत. नैयायिकांचा ईश्वर जग निर्माण करतो, परंतु नित्य असलेल्या परमाणूंपासून. जसा कुंभार मातीपासून घट घडवतो. गोरे विचारतात की, ज्याला माती आयती लागते, त्याला सर्वशक्तिमान कसे म्हणावे? जीवही नित्य, परमाणूही नित्य, मग ईश्वराकडे स्वामित्व ते कशाचे उरले? सांख्यांचा पुरुष काहीच करीत नाही, सारे प्रकृती करते. तर मग बद्ध कोण आणि मुक्त कोण होणार?

परंतु त्यांच्या तोफांचा मुख्य मारा होता अद्वैत वेदान्तावर. वेदान्ती तीन सत्ता मानतात. ब्रह्म पारमार्थिक सत्य, जग व्यावहारिक सत्य आणि दोरीवरचा साप प्रातिभासिक. गोऱ्यांच्या मते यातली मधली सत्ता हा केवळ शब्दांचा आडोसा आहे. जग शेवटी खोटेच म्हणायचे असेल, तर त्याला व्यवहारापुरते खरे म्हटल्याने त्याच्या खोटेपणात काय फरक पडतो? ब्रह्माखेरीज काही नाही, तर अज्ञान झाले कोणाला? ब्रह्माला म्हणावे तर ते ज्ञानस्वरूप. जीवाला म्हणावे तर जीव हाच अज्ञानाचा परिणाम. शिवाय ज्या ब्रह्मात जाणणारा आणि जाणले जाणारे असा भेदच नाही, त्याला ज्ञान म्हणणे म्हणजे नावापुरते. आणि जीव जर ब्रह्मच असेल, तर पापाचा पश्चात्ताप कोणी करावा, क्षमा कोणाकडे मागावी?

तत्त्वज्ञानाच्या वाचकाला हे ओळखीचे वाटेल. अज्ञानाचा आश्रय कोणता, हा प्रश्न रामानुजाचार्यांनी कित्येक शतके आधी शंकरमताला विचारला होता, माध्वांनीही विचारला. गोऱ्यांनी वैष्णव आचार्यांच्या शस्त्रागारातील बाण काढून ख्रिस्ती धनुष्यावर चढवले, असे म्हटले तर चुकीचे होणार नाही. अद्वैतावर त्यांनी पूर्ण न्याय केला असे मात्र म्हणता येत नाही. आत्मानुभवाची जी भूमिका त्या दर्शनाच्या गाभ्याशी आहे, तिला ते तर्काच्या चिमट्यात पकडू पाहतात. आणि दुसरी गोष्ट अशी की, शून्यातून जग निर्माण झाले, एकाच ईश्वरात तीन व्यक्ती आहेत, या आपल्या नव्या श्रद्धांना त्यांनी हीच कसोटी एवढ्या कठोरपणे लावली नाही.

याचे उत्तर त्यांच्या पुढील भूमिकेत आहे. १८६७ मध्ये मुंबईत प्रार्थना समाज स्थापन झाला. न्या. रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे विद्वान त्यात आले. मूर्तिपूजा नको, पोथीप्रामाण्य नको, पण दयाळू जगत्पित्याची उपासना हवी, असा हा मार्ग. वरवर पाहता हे लोक ख्रिस्ती धर्माच्या जवळचे. गोऱ्यांनी मात्र त्यांच्याशीच सर्वांत चिकाटीने वाद घातला. १८७५ मध्ये मुंबई व पुणे येथील त्यांची चार व्याख्याने पुस्तकरूपाने आली. त्यांचे म्हणणे असे की, ईश्वराने हे जग आपल्या इच्छेने निर्मिले, तो प्रेमळ पिता आहे, पाप त्याला असह्य आहे, या कल्पना मनुष्याच्या बुद्धीला आपोआप सुचत नाहीत. तशा त्या सुचल्या असत्या, तर भारतातील एवढ्या कुशाग्र दार्शनिकांना त्या का सुचल्या नाहीत? समाजाच्या मंडळींनी त्या बायबलमधून, इंग्रजी शिक्षणाच्या वाटेने, नकळत उचलल्या आहेत. फळ घ्यायचे आणि झाड नाकारायचे, हे न्यायाला धरून नाही.

तुकाराम-नामदेवांच्या मराठी मुलखात उभे राहून हा युक्तिवाद करणे धाडसाचेच होते. विठ्ठलाला मायबाप म्हणणाऱ्या अभंगांचे काय, हा प्रश्न कोणीही विचारील, आणि प्रार्थना समाजाची उपासना तर अभंगांवरच उभी होती. गोरेही या बाजूने अगदी आंधळे नव्हते. उतारवयात त्यांनी लिहिले की, हिंदूंना ख्रिस्ती धर्म स्वीकारण्यासाठी ईश्वरानेच तयार केले आहे आणि यहुदी सोडता अन्य कोणत्याही राष्ट्राची अशी तयारी झालेली नाही. अनन्य भक्ती, वैराग्य, नम्रता, क्षमा हे शब्द आम्हाला कोणा परक्याने शिकवावे लागले नाहीत, असा त्यांचा आशय होता. दर्शनांचे खंडन करणाऱ्याने भक्तीचे ऋण असे मान्य केले. त्यांच्या एकंदर लिखाणात हे स्थळ मला अधिक जिवंत वाटते.

युरोपात या काळी ख्रिस्ती मताच्या समर्थनाची घडी बदलत होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस विल्यम पेली यांनी चमत्कार व साक्षीपुरावे यांच्या बळावर वकिली थाटाचे समर्थन केले होते. डार्विन आणि बायबलची ऐतिहासिक चिकित्सा यांनी त्याचा पाया हलवला. म्हणून काहींनी मानवी अंतःकरणाच्या अनुभवाचा आधार घेतला, काहींनी चर्चच्या अखंड परंपरेचा. गोरे या दुसऱ्या वाटेने गेले. सुरुवातीचे त्यांचे गुरू साधेसुधे बायबलनिष्ठ मिशनरी होते. पुढे ते उच्च चर्च पक्षाकडे वळले. १८६८ मध्ये त्यांना डीकनची व १८७० मध्ये धर्मगुरूची दीक्षा मिळाली. ऑक्सफर्डजवळील काउली येथील संन्यस्त संघात ते उमेदवार म्हणून दाखल झाले आणि १८७६ मध्ये त्यासाठी पुन्हा इंग्लंडला जाऊन आले. परंतु अंतिम व्रते त्यांनी घेतली नाहीत. अखेरपर्यंत ते उमेदवारच राहिले.

कारण शंका. ज्या माणसाची पुस्तके वाचून इतरांची खात्री पटे, तो स्वतः मात्र रात्री जागून काढी. सर्वांत जास्त छळले ते अनंत नरकाच्या कल्पनेने. म्हणजे विशीत म्यूरसाहेबाला विचारलेला प्रश्नच पन्नाशीत त्यांच्यापुढे हात पसरून उभा होता. योगायोगाने त्याच सुमारास इंग्लंडातही या विषयावर रण माजले होते. एफ. डब्ल्यू. फरार यांनी १८७८ मध्ये अनंत शिक्षेच्या रूढ कल्पनेला आव्हान दिले आणि ऑक्सफर्डच्या डॉ. प्यूसी यांनी १८८० मध्ये त्यांना सविस्तर उत्तर दिले. इंग्लंडातील विद्वानांना हा वाद नवा होता. काशीच्या या शास्त्र्याने तो संस्कृतात केव्हाच मांडून ठेवला होता. आता पूर्वजन्माचा आधार त्यांच्या हाती नव्हता. तर्काने उत्तर सापडेना, तेव्हा चर्चने जे शिकवले ते ईश्वराने शिकवले म्हणून मानावे, अशा निर्णयाला ते पुनःपुन्हा येत. आधी श्रद्धा, मग तर्क हे तरुणपणीचेच सूत्र! शास्त्र तेवढे बदलले होते.

पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात गोरे आले ते १८८२ मध्ये, पुण्यात. पतिनिधनानंतर रमाबाई बंगालमधून पुण्यास आल्या होत्या, आर्य महिला समाजाची स्थापना झाली होती आणि ब्राह्म विचारांचा प्रभाव त्यांच्यावर होता. दोघेही चित्पावन, दोघांनाही संस्कृत मातृभाषेसारखे. एखाद्या मडमेला जे साधणे कठीण, ते या वृद्ध शास्त्र्याला साधले. केवळ बुद्धीने उभारलेला ईश्वरवाद अपुरा का, हे पटवणारे गोऱ्यांचे लेखन रमाबाई इंग्लंडला गेल्यावर त्यांच्या हाती पडले आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात त्या बातमीने केवढा गहजब झाला हे सर्वश्रुत आहे. मात्र गुरूच्या युक्तिवादाचा पूर्वार्ध स्वीकारणाऱ्या रमाबाईंनी उत्तरार्ध स्वीकारला नाही. चर्च सांगते म्हणून मानायचे, हे त्यांना कधीच मान्य झाले नाही. मिशनच्या भगिनींशी त्यांचा पत्रव्यवहार त्रैक्याच्या सिद्धान्तावरून आणि अधिकाराच्या प्रश्नावरून चांगलाच तापला. एका धर्मग्रंथाच्या मध्यस्थांच्या हातून सुटून दुसऱ्या मध्यस्थांच्या हाती सापडण्यास त्या तयार नव्हत्या. त्यांना गोऱ्यांसारखी शंका छळत नव्हती, कारण शंका त्या दडपत नव्हत्या.

पुण्यातील पंचहौद मिशन हे या काउली संघाचे आणि वाँटेजच्या भगिनींचे केंद्र. तेथे १८९० मध्ये चहा घेतल्यावरून रानडे, लोकमान्य टिळक आदी मंडळींवर ग्रामण्य उद्भवले, ही गोष्ट आपण गमतीने सांगतो. एका पेल्यासाठी एवढे वादळ उठवणाऱ्या त्या समाजात बेचाळीस वर्षांपूर्वी धर्म सोडणे म्हणजे काय असेल, याचा अंदाज त्यावरून करता येतो.

ऑक्टोबर १८९५ मध्ये गोऱ्यांचे मुंबईत निधन झाले. त्याच वर्षी फेब्रुवारीत, त्याच मुंबईत, नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला होता. टिळकांनी शास्त्रार्थ केला नाही, त्यांनी अभंग लिहिले. ख्रिस्ताकडे तुकोबांच्या पुलावरून आलो, अशी त्यांची भावना होती. मराठी ख्रिस्ती समाजाने गाण्यासाठी टिळकांना जवळ केले आणि ‘षड्दर्शन दर्पण’ ग्रंथालयांच्या कपाटात गेले. काउली संघाच्या गार्डनर यांनी १९०० मध्ये गोऱ्यांचे इंग्रजी चरित्र लिहिले. १९६९ मध्ये बळवंत पराडकर यांनी त्यांच्या धर्मविचारावर पुस्तक केले. मराठी वाचकाला मात्र ते प्रामुख्याने रमाबाईंच्या चरित्रातील एक पान म्हणूनच माहीत राहिले.

ज्या ग्रंथात त्यांनी ते आक्षेप प्रथम लिहिले, तो ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ त्यांच्या हयातीनंतरही अनेक वर्षे हस्तलिखितातच राहिला होता. उज्जैनच्या सिंधिया प्राच्य संस्थेतून स. ल. कात्रे यांनी १९५१ मध्ये तो संपादून छापला. त्यावर लेखकाचे नाव आहे नीळकंठ गोरे. नेहेम्या हे नाव तेव्हा त्यांना मिळावयाचे होते.